नाव नको सांगू, जोड सांग

गामा पैलवानाबद्दल नानांसमोर शंका काढायची नाही आणि बॉक्सर मुहम्मद अलीबद्दल माझ्यासमोर, असा आमच्या घरात वर्षानुवर्षं न बोलता पाळलेला करार होता. तो मोडला माझ्या पुतणीने. ती धुळ्याला बॉक्सिंग शिकते, जिल्ह्याच्या स्पर्धांत उतरते, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, अमळनेरला आली की झोक्यावरच्या पोरींत कमी आणि आमच्या पत्त्यांच्या डावाशेजारी जास्त असते. (आखाजीच्या दिवशी खान्देशात पत्ते न खेळणारा पुरुष एक तर आजारी असतो, नाही तर त्याची बायको समोर बसलेली असते.) डाव ऐन रंगात असताना ती म्हणाली, "काका, खरं सांगू? तुमचा अली ओव्हररेटेड आहे."

माझ्या हातातली पानं तशीच राहिली. नाना मात्र खुलले. नाना म्हणजे माझे चुलते. प्रताप मिलमध्ये नोकरी झाली, आणि यात्रांचे दिवस आले की पंचक्रोशीतल्या कुस्त्यांच्या दंगलींना पंच म्हणून त्यांना बोलावणं यायचं. वाद कुठलाही असो, पंचाची खुर्ची ते आपल्याकडे ओढून घेतात. आमच्या गावात तत्त्वज्ञान मंदिर आहे, १९१६ सालचं, प्रतापशेठनी उभं केलेलं. तिथे विद्वान लोक अद्वैतावर बोलत. आमच्या ओट्यावर त्या दिवसापासून अली सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

पुतणीचा मुद्दा ऐकीव नव्हता, रोजच्या सरावातून आलेला होता. तिचे सर तिला हात हनुवटीशी ठेवायला लावतात, जरा खाली आले की शिट्टी वाजते. ठोसा चुकवायचा तर डोकं बाजूला न्यायचं, गुडघ्यात वाकायचं. सरळ मागे झुकायचं नाही. अली नेमकं उलट करायचा. हात कमरेशी, हनुवटी उघडी, ठोसा आला की कंबरेतून मागे. पोटावर मारणं त्याला जणू वर्ज्य. प्रतिस्पर्धी जवळ आला की त्याची मान दाबून धरायची, जे नियमात बसत नाही, आणि पंचांनी तिकडे काणाडोळा करायचा. "असं मी केलं तर सर मला दुसऱ्या दिवशी येऊ देणार नाहीत," ती म्हणाली, आणि फोनवर तिने एकामागून एक तीन तुकडे दाखवले. १९६२ मध्ये सॉनी बँक्स, १९६३ मध्ये लंडनला हेन्री कूपर, १९७१ मध्ये जो फ्रेझर. तिन्ही ठिकाणी अली खाली बसलेला, आणि तिन्ही ठिकाणी डाव्या हुकने. मागे झुकणारा माणूस जॅबपासून, म्हणजे सरळ ठोशापासून, वाचतो, पण हुक वळसा घेऊन येतो आणि झुकलेली हनुवटी त्याच्या वाटेतच असते. कूपरच्या वेळी तर फेरीची घंटा वाजली म्हणून वाचला. नंतर कोपऱ्यात त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीने हातमोजा फाटल्याचं पंचाला दाखवून आणखी दोन-चार सेकंद मिळवले. पुढच्याच फेरीत कूपरच्या भुवईतून रक्ताची धार लागली आणि लढत थांबली, नाही तर तेव्हाच्या चॅम्पियन सॉनी लिस्टनशी गाठ पडण्याआधीच ही कथा वेगळीकडे गेली असती.

मी माझा हुकमी पत्ता काढला. १४ नोव्हेंबर १९६६, ह्यूस्टनचं अॅस्ट्रोडोम, क्लीव्हलँड विल्यम्स. ज्यांनी अली पाहिला नाही त्यांना पहिल्यांदा काय दाखवावं असं कोणी विचारलं तर जाणकार हीच लढत सांगतात. तिसऱ्या फेरीत संपली. अलीचे पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका येते, आणि मागे सरकता सरकता मारलेल्या ठोशांनी समोरचा आडदांड माणूस कोसळतो. मागे जाताना ठोशात जोर आणणं हे बॉक्सिंगच्या पुस्तकात बसत नाही. पुस्तकाचे नियम आपल्यासारख्यांसाठी असतात, ज्याची नजर आणि पाय असे आहेत त्याने हात कुठेही ठेवावेत, असं माझं म्हणणं.

"काका, त्या विल्यम्सला दोन वर्षांपूर्वी पोलिसाने गोळी घातली होती. एक किडनी गेली होती त्याची."

हे खरं आहे. १९६४ मध्ये टेक्सासमध्ये हायवेवरच्या पोलिसाने त्याच्या पोटात गोळी झाडली होती, एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, वजन उतरलं, आणि तो माणूस पुन्हा रिंगमध्ये उभा राहिला हेच नवल. अलीचं सर्वांत देखणं चित्र अर्ध्या ताकदीच्या माणसावर काढलेलं आहे. भक्त मंडळी हे सांगत नाहीत. मीही कधी आपणहून सांगितलं नव्हतं.

इथवर नाना गप्प होते. पानं पिसत त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानी कोनले पाडं? नाव नको सांगू, जोड सांग."

दंगलीत वाढलेल्या माणसाची मापाची पद्धत हीच. आमच्याकडे यात्रेत नारळाच्या कुस्तीपासून सुरुवात होते, मग भांडी, मग रोख इनाम, आणि शेवटची कुस्ती मोठ्या जोडीची. पैलवानाचं नाव भोंग्यावर कितीही गाजवा, जाणता प्रेक्षक बघतो की त्याच्यासमोर कोण उभा केलाय. शंभर कुस्त्या मारल्या म्हणून सांगणारा पैलवान नव्वद वेळा पोरांवर हात साफ करून आलेला असू शकतो. बॉक्सिंगमध्ये ही सोय आणखी मोठी, कारण तिथे जोड लावणारा तोच, तिकीट विकणारा तोच.

मी जोडी सांगायला लागलो. १९६४ मध्ये सॉनी लिस्टन, ज्याच्यासमोर बाविशीच्या पोराच्या बाजूने पैसा लावायला कोणी तयार नव्हतं. लिस्टन सातव्या फेरीला स्टुलावरून उठलाच नाही. फ्लॉइड पॅटर्सन दोनदा. फ्रेझर दोनदा. केन नॉर्टन दोनदा, ज्यावर मी पुढे येतोच. जेरी क्वारी, रॉन लायल, अर्नी शेव्हर्स, ऑस्कर बोनाव्हेना, जॉर्ज चुव्हालो. आणि ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासामध्ये जॉर्ज फोरमन: वय २५, चाळीस लढती, चाळीस विजय, त्यातले सदतीस नॉकआउट. ज्या फ्रेझरने आणि नॉर्टनने अलीला हरवलं होतं, त्या दोघांना फोरमनने दोन-दोन फेऱ्यांत उचलून टाकलं होतं, फ्रेझरला तर सहा वेळा खाली पाडून. अली ३२ वर्षांचा. आठव्या फेरीत फोरमन पडला.

आता दुसऱ्यांच्या जोडी बघा. रॉकी मार्सियानो ४९ पैकी ४९ जिंकून निवृत्त झाला, पण त्याच्या यादीतला सर्वांत मोठा जो लुई त्याला भेटला तेव्हा थकलेला होता. खुद्द जो लुईने पंचवीस वेळा किताब राखला, तो आकडा कोणी मोडलेला नाही, पण मधल्या काळातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना अमेरिकन पत्रकार उघड भंगार म्हणायचे. माइक टायसनने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत झोपवलं, त्याची क्लिप आजही पोरं एकमेकांना पाठवतात. ऐन भरात असलेला, न घाबरणारा, तोडीचा माणूस मात्र त्याच्या विजयांत शोधावा लागतो. जोडीच्या मापाने अलीच्या जवळ कोणी येत नाही, आणि त्याने कोणाला टाळलं असंही नाही. फ्रेझर, फोरमन, नॉर्टन, शेव्हर्स हे एकाच दशकात एकमेकांच्या वाटेत आले आणि अली त्या प्रत्येकासमोर उभा राहिला. नानांनी मान हलवली. त्यांच्या लेखी इथे खटला निकालात निघायला हवा होता.

निघाला नाही, कारण मी हौसेने इनोकीचा किस्सा सांगितला.

२६ जून १९७६, टोकियो. अली विरुद्ध जपानी कुस्तीगीर अँटोनियो इनोकी, पंधरा फेऱ्या. कुस्ती मोठी की मुष्टियुद्ध हे एकदा ठरवून टाकायचं म्हणून जगभर दाखवलेली लढत. इनोकी घंटा वाजताच पाठीवर आडवा झाला आणि जवळजवळ सगळा वेळ तसाच राहून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. अलीने सबंध लढतीत मारलेले ठोसे एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, फार तर दुसऱ्या हाताचं एखादं बोट घ्यावं लागेल. निकाल बरोबरीचा.

"पाठवर झोपना?" नानांनी पानं खाली ठेवली.

"हो नाना."

"मंग कुस्ती तठेच सरनी. पंधरा फेऱ्या कसाले?"

लाल मातीच्या कायद्याने बोललं तर इनोकी पहिल्या दहा सेकंदांत चितपट. मला हे त्याआधी सुचलं नव्हतं, आणि आता ती लढत बघताना दुसरं काही दिसतच नाही. नानांना मग गामा आठवणं भागच होतं. १९१० मध्ये लंडनला पोलंडचा पैलवान स्टॅनिस्लाउस झ्बिश्को गामासमोर पालथा पडून राहिला, अडीच तासांच्या वर, गामाला त्याला उलटता येईना, बरोबरी. आठवड्याने पुन्हा कुस्ती ठरली तर झ्बिश्को आलाच नाही. पुढे १९२८ मध्ये पतियाळाला दोघे पुन्हा भेटले तेव्हा गामाने मिनिटाच्या आत त्याला अस्मान दाखवलं. नानांचं म्हणणं, मधली अठरा वर्षं गामाचा निकाल लागलेलाच नव्हता, लोक त्याला काहीही म्हणोत. पाठ टेकली की निकाल. तोवर सगळ्या गप्पा.

आणि इथे अलीची अडचण सुरू होते. ६१ लढती, ५६ विजय, त्यात ३७ नॉकआउट. उरलेले विजय मुख्यतः गुणांवर. नानांना गुण ही गोष्टच पटत नाही. मॅटवरच्या कुस्तीतही त्यांना ती पटली नाही. दोन पैलवान उभे आहेत, दोघांची पाठ कोरडी आहे आणि एकाचा हात वर होतो, हे त्यांना सावकाराच्या वहीसारखं वाटतं: आकडे त्याचे, वाचणाराही तोच. मी त्यांना समजावलं की बॉक्सिंगमध्ये फेरीगणिक मोजतात. ते म्हणाले, मोजणारा माणूसच ना?

त्यांना उत्तर देताना माझीच जागा हलली, कारण मोजणाऱ्या माणसांनी अलीला झुकतं माप दिलं याचे दाखले माझ्याकडेच होते. १९६३ मध्ये न्यूयॉर्कला डग जोन्सविरुद्ध त्याला विजयी घोषित केल्यावर प्रेक्षकांनी हुर्यो उडवली होती. १९७६ च्या एप्रिलमध्ये जिमी यंगविरुद्ध तो सुटलेल्या पोटाने उतरला. यंग अडचणीत आला की दोरांमधून डोकं बाहेर काढायचा, ते हास्यास्पद होतं, पण ठोसे त्याचे जास्त लागत होते असं तेव्हा बघणाऱ्या अनेकांचं मत पडलं. निकाल एकमताने अलीचा. चॅम्पियनकडून किताब हिसकावून घ्यावा लागतो, अशी बॉक्सिंगमध्ये एक समजूत आहे. नियमात ती कुठेही लिहिलेली नाही. तिचा फायदा सगळ्याच चॅम्पियनना मिळाला. अलीला अली असल्याचा वर आणखी मिळाला.

माझं एक लाडकं अस्त्र होतं, तेही पुतणीने बोथट केलं. अलीचं कौतुक करणारा प्रत्येक जण ते वापरतो: त्याच्या हातून गेलेली वर्षं. २८ एप्रिल १९६७ ला त्याने लष्करात भरती व्हायला नकार दिला. किताब काढून घेतला गेला, लायसन्स गेलं, पाच वर्षांची शिक्षा आणि दहा हजार डॉलर दंड झाला. अपिलात असल्याने तो तुरुंगाबाहेर राहिला, पण मार्च १९६७ ते ऑक्टोबर १९७० रिंगमध्ये नव्हता. वय २५ ते २८. बॉक्सरचं आयुष्य जिथे शिखराला पोचतं तेवढाच तुकडा कोणीतरी कापून नेला. त्या वर्षांत तो काय काय करू शकला असता, असं म्हणत आपण त्याच्या खात्यावर न झालेले विजय जमा करत जातो.

"न झालेल्या फाइट्स कशा मोजायच्या? मी गेल्या वर्षी आजारी होते, तेव्हाचं मेडल द्या मग मला," पुतणी म्हणाली.

तिचं खरंच आहे, आणि त्यापलीकडे मला असं वाटतं की तो तुकडा नसता तर आज आपण ज्याला अली म्हणतो तो घडलाच नसता. परत आला तेव्हा पाय पूर्वीचे राहिले नव्हते. पहिला अली मार खातच नव्हता; दुसऱ्याला खावा लागला, आणि तेव्हा कळलं की याच्या अंगात सोसण्याची किती ताकद आहे. ८ मार्च १९७१ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंधराव्या फेरीत फ्रेझरचा तो हुक बसला. त्या हुकवर दुसरा कोणी उठला नसता. अली लगेच उठला आणि लढत पूर्ण करून हरला. किन्शासामध्ये तो दोरांना रेलून फोरमनचे ठोसे दंडांवर, बरगड्यांवर घेत राहिला, आणि मारून मारून फोरमनच दमला. ती लढत अमेरिकेतल्या टीव्हीच्या सोयीने तिथल्या पहाटे चारला लावलेली. आपल्याकडे सकाळचे साडेआठ होते, नाना पहिल्या पाळीत साच्यावर. त्यांना ही लढत मी कित्येक वर्षांनी दाखवली. त्यात त्यांना नवल वाटलं नाही. मातीत जड पैलवानाला दमवायची हीच रीत, फक्त तिथे डोक्यावर मार बसत नाही, असं म्हणाले.

डोक्यावरच्या त्या माराचा हिशोब आला तो १९७५ च्या मनिलात. १ ऑक्टोबरची सकाळ, उकाडा, चौदा फेऱ्या. फ्रेझरला दिसेनासं झालं तेव्हा त्याच्या कोपऱ्यातल्या एडी फचने, तो नको नको म्हणत असताना, त्याला पंधराव्या फेरीसाठी उठू दिलं नाही. अलीने नंतर सांगितलं की मरण इतकं जवळून त्याने कधी पाहिलं नव्हतं. पाठ कुणाचीच टेकली नाही, आणि ही एक लढत नानांनी तक्रार न करता पूर्ण पाहिली. जो माणूस १९६६ मध्ये कुणाच्या हाती लागत नव्हता त्याला शेवटी मार खाऊन मोठं व्हावं लागलं. ही मोठेपणाची किंमत होती हे मी समजू शकतो, पण ती बघून टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही आहे, याचं मला अलीकडे बरं वाटत नाही.

म्हणून बॉक्सर म्हणून त्याला जेवढा मोठा म्हणतात तेवढा तो आहे, असं मी अजूनही म्हणतो. जे फुगवलेलं आहे ते दुसरीकडे. १९९९ मध्ये बीबीसीने आणि स्पोर्ट्‌स इलस्ट्रेटेडने त्याला शतकाचा खेळाडू ठरवलं. त्याआधी १९९६ मध्ये अटलांटाला थरथरत्या हाताने त्याने ऑलिंपिकची ज्योत पेटवली होती आणि सगळं जग हळवं झालं होतं. तेव्हापासून अलीचा जो संत झाला, तो संत मला मान्य नाही. बंदी असताना ज्या फ्रेझरने त्याला पैशाची मदत केली, त्याचं लायसन्स परत मिळावं म्हणून शब्द टाकला, त्याच फ्रेझरला अली पुढे गोऱ्यांचा गुलाम म्हणाला, कुरूप म्हणाला. मनिलाच्या आधी तर रबरी गोरिला खिशातून काढून पत्रकारांसमोर त्याला बुकलायचा. फ्रेझर साउथ कॅरोलिनाच्या शेतमजुराचा मुलगा. काळ्यांच्या वाट्याला आलेलं दारिद्र्य त्याने लुइव्हिलच्या अलीपेक्षा जवळून पाहिलं होतं. त्याच्या मुलांना शाळेत त्यावरून चिडवलं गेलं. तिकीटं खपवायला बोललो, असं अली म्हणायचा, आणि २००१ मध्ये त्याने माफीही मागितली, ती वर्तमानपत्राच्या मुलाखतीत. फ्रेझरच्या मनातून ते फार उशिरापर्यंत गेलं नाही. १९६७ मध्ये अर्नी टेरेलने त्याला कॅशियस क्ले या जुन्या नावाने हाक मारली म्हणून, लढत केव्हाच जिंकलेली असताना, "माझं नाव काय?" असं विचारत पंधरा फेऱ्या त्याचे हाल केले, तेही तोच अली. या गोष्टी आपण चरित्राच्या शेवटी तळटीप म्हणून वाचतो. ज्याच्या बोलण्याची सुभाषितं करून आपण सकाळी एकमेकांना पाठवतो, त्याच तोंडातून हेही आलेलं आहे.

आणि सरकारला नाही म्हणणारा अली? १९६७ चा नकार अस्सल होता. त्याला शिक्षेचा शेवट कसा होणार हे ठाऊक नव्हतं. सुप्रीम कोर्टाने आठ विरुद्ध शून्य असा निकाल त्याच्या बाजूने दिला तो १९७१ मध्ये. पण आपल्याकडच्या लोकांनी त्याच अलीचा १९८० चा प्रवासही लक्षात ठेवावा. जानेवारीत तो भारतात होता. दिल्लीत लष्करातल्या कौर सिंगबरोबर त्याची प्रदर्शनी लढत झाली (कौर सिंगने दोन वर्षांनी दिल्लीच्याच आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्ण घेतलं). भारतात असतानाच त्याला अध्यक्ष कार्टर यांचा निरोप आला, की मॉस्को ऑलिंपिकवर बहिष्कार टाकायला आफ्रिकी देशांना राजी कर. तो इथून थेट टांझानियाला गेला. तिथले अध्यक्ष न्येरेरे त्याला भेटले नाहीत. १९७६ च्या ऑलिंपिकवर आम्ही बहिष्कार टाकला तेव्हा अमेरिका कुठे होती, असं पत्रकारांनी विचारलं तेव्हा त्याला त्या बहिष्काराची धड माहितीच नव्हती. बिचारा गोंधळला, आणि मला तो तिथे जास्त खरा वाटतो.

शेवटच्या लढतींबद्दल मी थोडक्यात लिहितो, बघवत नाहीत म्हणून. १९७७ मध्ये शेव्हर्सच्या ठोशांनंतर त्याचे डॉक्टर फर्डी पाचेको तपासण्यांचे कागद घेऊन थांब म्हणून सांगत राहिले, ऐकेना म्हणून शेवटी बाजूला झाले. त्यानंतर तो आणखी चारदा लढला. १९८० मध्ये लॅरी होम्सने, जो एकेकाळी त्याच्याच सरावाचा सोबती, त्याला दहा फेऱ्या मारलं. तिन्ही जजांच्या कागदावर अलीच्या नावे एकही फेरी नव्हती. पुतणी या पराभवांना धरत नाही, वय झालं होतं म्हणते. नाना धरतात, पण पैलवानाच्या नाही, पंचाच्या खात्यावर. म्हाताऱ्या पैलवानाची जोड लावून पैसे कमावणाऱ्यांना त्यांनी यात्रांमध्ये पाहिलंय, आणि असल्या कुस्त्या लावू नका म्हणून एकदा भर मैदानात शिट्टी खाली ठेवून ते घरी आले होते. त्यांच्या शिव्या अहिराणीत आहेत, इथे नको.

राहता राहिला नॉर्टन. केन नॉर्टनशी अली तीनदा लढला. मार्च १९७३ मध्ये जबडा मोडून हरला. सप्टेंबरमध्ये विभागलेल्या निकालाने जिंकला. २८ सप्टेंबर १९७६ ला यांकी स्टेडियममध्ये पुन्हा. त्या रात्री न्यूयॉर्कच्या ड्यूटीबाहेरच्या पोलिसांची बाहेर निदर्शनं चालू होती, सगळा गोंधळ. आणि टोकियोत अलीच्या पायांनी इनोकीच्या लाथा खाल्ल्याला जेमतेम तीन महिने झालेले. चौदा फेऱ्यांनंतर दोघा जजांच्या कागदावर सात-सात अशी बरोबरी होती. नॉर्टनच्या कोपऱ्यातल्यांनी त्याला सांगितलं की आपण पुढे आहोत, जपून खेळ. तो जपून खेळला. पंधरावी अलीला गेली, आठ-सात. पंचाच्या कागदावर आठ-सहा आणि एक फेरी समसमान.

गेल्या थंडीत पुतणी आली तेव्हा भरिताची ताटं उचलून झाल्यावर आम्ही तिघांनी ही लढत टीव्हीवर लावली आणि प्रत्येकाने आपला कागद वेगळा ठेवला, एकमेकांचा बघायचा नाही. समालोचकाचा आवाज बंद, कारण तो अलीचा माणूस आहे असं पुतणीचं म्हणणं. नॉर्टन पाय ओढत, हात आडवे धरून पुढे पुढे येतो आणि अली मागे जातो. हे पंधरा फेऱ्या. अली फेरीच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात उड्या मारतो, ठोशांचा पाऊस पाडतो, त्यातले निम्मे दंडांवर. "हे जजला दाखवायला आहे," पुतणी म्हणाली. मी म्हटलं, जजला दाखवणं हाही खेळाचाच भाग आहे. नाना म्हणाले, आमच्या वेळी पंचाला दाखवणाऱ्याची आधी पाठ बघायचे.

कागद उघडले. तिने नॉर्टनला दोन फेऱ्यांनी पुढे ठेवलं. मी अलीला एकीने. नानांच्या कागदावर पंधराच्या पंधरा घरांत आडवी रेघ.

"बरोबरीत सोडली?" मी विचारलं.

"बरोबरी नही. कुस्ती व्हयनीच नही."

मी सातव्या फेरीवरून पुतणीशी भांडायला लागलो. ती फेरी तिने नॉर्टनला दिली होती, मला ती उघड अलीची वाटते: त्याच्या डाव्याने नॉर्टनचं डोकं चारदा मागे गेलं. तिने रिमोट घेतला, मागे नेलं, आणि प्रत्येक जॅबला थांबवून मोजायला लागली. तिच्या मोजणीत दोनच स्वच्छ लागले, एक हातमोज्यावर आणि एक हवेत. मी म्हटलं हवेत नाही, कपाळावर. तिने चौकट चौकट करून पुढे नेलं. टीव्हीवर ते १९७६ चं चित्र इतकं पुसट आहे की कपाळ कुठे संपतं आणि हवा कुठे सुरू होते ते कळत नाही. तिने मला धुळ्याला येऊन तिच्या सरांसमोर ही फेरी दाखवायला सांगितलंय, ते तटस्थ आहेत म्हणे. मी विचारलं, त्यांना आवडतो कोण? म्हणाली, फ्रेझर. त्यांना तटस्थ धरायला मी तयार नाही.